शेवटच्या दाराअलीकडे

कॉलेजच्या ग्रंथालयात ती कादंबरी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांमागे पडली होती. इंग्रजीवरून मराठीत आणलेली. आत 'कुमारवयीन वाचकांसाठी' असं छापलं होतं आणि मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणून घेताना जरा संकोचच वाटला.

गोष्ट अशी, की एका मुलीचा धाकटा भाऊ जमिनीखालच्या अंधाऱ्या शहरात ओढला जातो. त्याला आणायला ती खाली उतरते. तिथं दारामागं दार. तिनं एक दार उघडलं, की वर घरातलं एक माणूस तिला विसरतं. आधी आजोबा, मग वडील. जेवायला बसताना एक ताट कमी मांडलं जातं आणि कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

परभणीच्या होस्टेलवर खोलीत आम्ही तिघी. बाकीच्या दोघी गंगाखेडच्या, एकाच शाळेतल्या. त्या वाईट नव्हत्या. पण त्यांचं बोलणं नेहमी आधीच सुरू झालेलं असायचं आणि मला मधे कुठं शिरावं ते कळायचं नाही. त्या शहरात मात्र मी सहज शिरले. मेसमध्ये भाजी कोणती होती हेही आठवेना.

"काय वाचायलीस गं एवढं?" एकीनं एकदा विचारलं. मी मुखपृष्ठ दाखवलं.

"लहान पोरांचं दिसायलंय," ती हसून म्हणाली. मी सांगायला सुरुवात करणार, तोवर ती मोबाइलकडं वळली होती.

दिवाळीत ताडकळसजवळच्या आमच्या गावी गेले, तेव्हा शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. शेवटचं दार, आणि वर तिला ओळखणारी फक्त आई. पुढं वाचायचा धीर होत नव्हता. घरी पोचले तर आईनं पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ग्लासात पाणी दिलं. भांडी घासायला बसले तर म्हणाली, "राहू दे, तू बस."

तिसऱ्या दिवशी हट्टानं कापूस वेचायला गेले. आई, काकू आणि मी, प्रत्येकीची वेचायला आपापली पात, म्हणजे झाडांची ओळ. माझी लगेच मागं पडली.

"कॉलेजात बोटं मऊ झाली बाईची," काकू म्हणाली.

"बोटाचं न्हाई, ध्यानच न्हाई तिचं," आई म्हणाली. "आल्यापासून बघायले, घरात असून नसल्यावानी." मग आपली पात सोडून ती माझ्या पातीला आली. "काय झालंय, सांग की."

काय सांगावं ते कळेना, म्हणून मी कादंबरीच सांगितली. बोंडातून कापूस ओढत आई शांतपणे ऐकत होती.

"आन ती पोरगी तिथं जेवती काय?"

"ते लिहिलेलं न्हाई."

"बापाला धाडायचं की खाली," काकू म्हणाली. "बाप काय करायलाय घरी बसून?"

आम्ही तिघी हसलो. कितीतरी दिवसांनी माझं बोलणं कुणी मधे न तोडता ऐकलं होतं.

"आई इसरती का मग?" थोड्या वेळानं आईनं विचारलं.

"अजून वाचलं न्हाई."

"वाच आन् सांग. तुझं कॉलेजातलं मला काय कळत न्हाई. हे कळायलंय."

परत जाताना एसटीत मी शेवटचं प्रकरण वाचलं. मुलगी भावाला घेऊन घरी येते. आई मुलाला कवटाळते. मग दारात उभ्या मुलीकडं बघते आणि आपल्या लेकराला सोडायला आलेली कुणी परकी पोर समजून तिला बसायला सांगते, पाणी देते. अगदी मायेनं. मी पुस्तक मिटलं. परभणीचं स्टँड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

आठवड्यानं आईचा फोन आला. खोलीत त्या दोघींचं बोलणं चालू होतं, मी बाहेर पायरीवर जाऊन बसले.

"काय झालं गं त्या पोरीचं?"

"अजून वाचायचंय," मी म्हणाले.

"वाच की लवकर. काकूबी इचारायली."

पुस्तक मी त्याच सकाळी परत करून आले होते.