जाहिराती दाबायची सावड

माझ्या वेबसाइटवर जाहिराती होत्या आणि त्या मीच लावल्या होत्या. आमच्या जमीनहक्काच्या संघटनेतल्या काही जणांनी यावर माझ्या पाठीमागे बरंच तोंडसुख घेतलं आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते. समोर येऊन विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

संघटनेत मी पाच वर्षं पत्रकं लिहिली. वनहक्काचा दावा कसा भरायचा, सातबारावरचं नाव कसं तपासायचं, जमिनीचा दलाल दारात आला तर कोणत्या कागदावर सही करायची नाही. पत्रकाची एक खोड असते. एकदा गावात वाटून झालं की परत घेता येत नाही. एका वर्षी दाव्याला लागणाऱ्या कागदांची यादी बदलली आणि आमचं जुनं पत्रक खिशात घेऊन वैशाखरे गावच्या एका म्हाताऱ्यानं मुरबाडच्या कचेरीत दोन हेलपाटे घातले. तिसऱ्या वेळी तो मुरबाडला गेलाच नाही, माझ्या दारात आला. पत्रक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "ह्ये तुझ्याकडंच ठेव गो." त्याच महिन्यात मी वेबसाइट काढली. चूक झाली तर त्याच दिवशी दुरुस्त करता आली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

वेबसाइट फुकट उभी राहत नाही. तिच्या जागेचं आणि नावाचं भाडं दर वर्षी भरावं लागतं. पहिल्या वर्षी मी ते शिकवण्यांतून भरलं. दुसऱ्या वर्षी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा माणूस घरी आला. चहा संपवून म्हणाला, "ताई, भाऊ म्हणाले भाडं आम्ही भरतो. तुम्ही फक्त वर भाऊंचा फोटो लावा. वाढदिवसाचा."

"वाढदिवस झाल्यावर काढायचा?"

"काढायचा कशाला? पुढचा येतोच की."

जमीन कुणाच्या नावावर कशी गेली हे शोधायला लोक ज्या पानावर शिकणार, त्या पानाच्या डोक्यावर भाऊ हात जोडून उभे. मी नाही म्हणाले. तो हसला. "बघू ना, किती वर्षं चालवता," म्हणाला आणि चपला घातल्या.

जाहिराती मी त्यासाठी लावल्या. कुणाच्या फोटोखाली बसायचं नव्हतं. परदेशी कंपनीकडे अर्ज करायचा, ती आपल्या पानावर जाहिराती टाकते, वाचणाऱ्यानं जाहिरातीवर बोट दाबलं की जाहिरातदाराकडून कंपनी पैसे घेते आणि त्यातला हिस्सा आपल्याला देते. रक्कम ठरावीक आकड्यापर्यंत साठल्याशिवाय हातात काही येत नाही. माझा हिशोब असा होता की वर्ष संपायच्या सुमारास ती तिथवर पोचेल आणि भाडं सुटेल.

जाहिराती कोणत्या यायच्या? ज्या पानावर मी लिहिलं होतं की दलालाला दारात उभा करू नका, त्याच पानावर, त्या वाक्याच्या खाली: माळशेजच्या पायथ्याशी तुमचं स्वप्नातलं फार्महाऊस, हप्त्याची सोय. कंपनीचं यंत्र पानावरचे शब्द वाचतं. जमीन, सातबारा, मुरबाड हे शब्द त्याला दिसले आणि त्यानं ठरवलं की इथं येणाऱ्याला जमीन घ्यायची आहे. जमीन घेणाऱ्याला आणि ज्याची जाते त्याला तेच शब्द लागतात, हे यंत्राला कोण सांगणार. मी त्या जाहिराती बंद करत बसले. एक बंद केली की दुसऱ्या नावानं दोन यायच्या. शेवटी सोडून दिलं. दलालांचे पैसे दलालांच्याच विरोधात वापरते आहे, अशी स्वतःची समजूत घातली. आता ते वाक्य वाचलं की लाज वाटते, पण तेव्हा ते मला फार आवडलं होतं.

हेच मी काकीला सांगितलं. काकी म्हणजे चुलतीच, घर लागून आहे. आमच्या पाड्यावरच्या नऊ बायकांची सावड तिच्या शब्दावर चालते. सावड म्हणजे भाताच्या आवणीला, लावणीला, आज सगळ्यांनी हिच्या शेतात उतरायचं, उद्या तिच्या. पैसे नाहीत आणि आभारही नाहीत, दिवसाला दिवस परत. काकी ओटीवर तांदूळ निवडत होती. माझ्या फोनवर तिला ते फार्महाऊस दिसलं.

"ह्यो तर आपलाच डोंगर."

"हो."

"आन् ह्याच्यावं बोट ठेवलं का त्येचं पैशे जातात?"

"जातात. थोडे मला येतात."

"दर टायमाला?"

"दर टायमाला."

काकीनं सूप खाली ठेवलं. माझी अक्कल तेव्हा कुठं होती, मला माहीत नाही. हिनं मोर्चे केलेत, तहसीलसमोर दोन दिवस बसलेली बाई आहे. तिच्यासमोर मी म्हणाले की शत्रूचा खिसा रिकामा करायला फक्त बोट लागतं, आणि उठून शिकवणीला निघून गेले.

पुढच्या आठवड्यात कमाई वाढली. रोज वाढत गेली. मी एकटीच खोलीत हसत होते. मला वाटलं, वाचक आले. इतक्या वर्षांच्या पत्रकांचं चीज झालं. उत्साहाच्या भरात मी एक लांबलचक लेखही लिहून टाकला, गावं कशी जागी होत आहेत यावर.

गावं जागी होतीच. पाड्यावर रेंज फक्त शाळेच्या मागच्या चढावर मिळते. तिथं नऊ बायका रोज दुपारी भांडी घासून झाली की आपापल्या घरातले फोन घेऊन बसत होत्या आणि जाहिराती दाबत होत्या. पाळी लावून. एकीचा फोन तापला की दुसरीचा. मला कुणी सांगितलं नाही, कारण सावडीत सांगत नाहीत, येऊन उभं राहतात.

मला कळलं ते एका फोनमुळे. काकीनं कुठल्या तरी जाहिरातीत आपला नंबर भरून टाकला होता. मी तिच्याकडे बसले असताना तो वाजला. तिनं सवयीनं स्पीकर लावला.

"मॅडम, साइट व्हिजिटला कधी येताय? गाडी आम्ही पाठवतो."

"कुठं न्हेनार?"

"माळशेज रोड, मॅडम. एकदम हिल व्ह्यू."

"मी तितंच बसलेय. तूच वर ये. पानी घिऊन ये मातर, आमच्याकडं हंडा दोन दिसांनी भरतो."

पलीकडून फोन ठेवला. काकी हसत होती. मी विचारलं, तिनं अभिमानानं सगळं सांगितलं. कोण किती वेळा दाबते, हेसुद्धा.

दोन दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. माझ्या पानावर अवैध हालचाल आढळली म्हणून खातं कायमचं बंद. साठलेली रक्कम मिळणार नाही, ती जाहिरातदारांना परत केली जाईल. जाहिरातदारांना. म्हणजे डोंगराचे तुकडे पाडून विकणाऱ्यांना. माझ्या पाड्यावरच्या नऊ बायकांनी दुपारची झोप मोडून जे केलं, त्याची भरपाई फार्महाऊसवाल्यांना. मी ते वाक्य चार वेळा वाचलं आणि फोन भिंतीवर आपटणार होते. फोनचे हप्ते बाकी होते म्हणून आपटला नाही.

दाद मागायला एक फॉर्म होता. त्यात ठरलेल्या रकान्यांत ठरलेलीच उत्तरं. तुमच्या मते हे का घडलं असावं? काय लिहू? की आमच्याकडे एकमेकींचं काम वाटून घेतात? की तुमच्या यंत्राला नऊ बायका म्हणजे एक लबाड माणूस दिसला? मी तेच लिहिलं, साध्या भाषेत, खरं खरं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, निर्णय कायम आहे, पुन्हा लिहू नये. खाली कुणाचं नाव नव्हतं. कचेरीत साहेबाच्या टेबलावर हात तरी आपटता येतो. इथं टेबलच नाही. आम्हाला आयुष्यभर शिकवलं की निवेदन द्या, पोच घ्या. या लोकांना निवेदन कुणी द्यायचं आणि पोच कोण देणार?

राग जिथं काढायचा तिथं काढता येत नव्हता. मग तो काकीवर काढला. शाळेच्या चढावर जाऊन, सगळ्या बायकांसमोर. म्हणाले, न विचारता हात घालता, अडाणीपणानं वर्षाचं काम बुडवलंत, आता भाऊंचा फोटो लावायची वेळ आणलीत माझ्यावर. एकीनं फोन ओच्यात ठेवला. काकी म्हणाली, "झाला का बोलून?" आणि माझ्यासकट सगळ्यांकडे पाठ करून उतरून गेली.

अडाणी हा शब्द मी माझ्या एकाही पत्रकात कधी वापरू दिला नव्हता.

भाडं भरायला महिना राहिला होता. मुलं शेतावर गेल्यामुळे शिकवण्या बंद होत्या. पुढाऱ्याच्या माणसाचा एकदा मेसेज आला, नुसताच नमस्कार. त्याला कसं कळलं देव जाणे.

राबातली भाताची रोपं उपटायला झाली तेव्हा एका सकाळी काकी दारात आली. भांडणानंतर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"उंद्या माझ्या शेतावं आवनी. ये."

"मी कशाला?"

"आमी तुझ्याकडं येऊन गेलो नाय का? नऊ जनी, जनीमागं एक दिस. नऊ दिस झाले तुझ्याकडं आमचे."

"तुम्ही येऊन माझं वाटोळं केलंत, काकी."

"भात लावला आन् खेकड्यानं खाल्ला तरी दिस त्यो दिस."

मी भांडले. ती ऐकून घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी चिखलात होते. रागानंच गेले होते, हे कबूल करते. वाटलं होतं, एकदाचं फेडून टाकू आणि मोकळं होऊ. नऊ शेतं, नऊ दिवस. चौथ्या दिवसापासून कंबर माझी राहिली नाही. बायका माझ्या ओळीकडे बघून काय वाटेल ते बोलत. "हिचा भात तिरका उगवनार." "उगवू दे, तितं फार्महाऊस बांधू." तोवर मी कुणाची माफी मागितली नव्हती. ती शेवटच्या दिवशी बांधावर बसून भाकरी खाताना मागितली, आणि काकी म्हणाली, "खा आदी."

मग म्हणाली, "आता तुझी पाळी हाय."

"मला शेत कुठंय?"

"शेत नाय, भाडं हाय ना?"

त्यांचं आपसात आधीच ठरलं होतं. आम्ही दहा जणी जीप करून किन्हवलीकडे गेलो, एका मोठ्या शेतकऱ्याच्या आवणीला, रोजावर. त्या दिवसाची दहा जणींची मजुरी माझ्या पाळीची. संध्याकाळी त्यानं बोललेल्यापेक्षा कमी हातावर ठेवली. म्हणाला, उशिरा आलात. आम्ही त्याच्या आधी बांधावर उभ्या होतो. काकीनं दोनदा मागितले, तिसऱ्यांदा नाही. जीपमध्ये कुणी हसलं नाही. घरी पोचल्यावर तिनं सगळे पैसे माझ्या हातात दिले. थोडे कमी पडत होते, ते मी घातले आणि भाडं भरलं. वेबसाइट चालू राहिली. वर फोटो नाही, खाली जाहिरात नाही.

दोन दिवसांनी काकी आणि आणखी दोघी माझ्या खोलीत येऊन खाटेवर बसल्या. पान उघडायला लावलं. गावं कशी जागी होत आहेत हा माझा लेख सगळ्यात वर होता.

"ह्यो काढ."

"का?"

"कोन वाचतंय? तितं आवनीचा रोज लिव. कुठल्या गावाला कोन किती बोलतो आन् हातावं किती ठेवतो."

मी म्हणाले, नावं घालायची तर विचार करावा लागेल, भाऊंचीही तिकडे शेती आहे. "मंग त्येंचाबी लिव," दुसरी म्हणाली, "फोटो नको, रोज लिव." तिघी हसल्या. पान त्यांच्या दिवसाच्या मजुरीवर उभं आहे, हे कुणी बोललं नाही. त्याची गरज नव्हती. मला ते आवडलं का, तर नाही. पान माझं होतं, आणि मी दोन वर्षं ते कुणाचंही होऊ दिलं नव्हतं.

लेख खाली ढकलला. नव्या पानाला मी मथळा देऊ लागले, "मजुरांच्या घामावर दरोडा घालणाऱ्या..." इथवर टाइप केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

"ह्ये मागनं," काकी म्हणाली. "आदी गावाचं नाव लिव. किन्हवलीपासून धर."