जमिनीवरची फुलं

बडोद्यात, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये माझी उभी हयात गेली. खडखड ऐकू आली तर नट सैल आहे, भूत नाही — असल्या गोष्टींबद्दल माझं मत एवढंच. तरी हे लिहितोय.

माझी बायको वैशाली क्वार्टरमध्येच भरतनाट्यम शिकवायची. गेल्या वर्षी तिच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. भुवई हलेना, हसू अर्धंच उमटे. तिने क्लास बंद केला. "अर्ध्या तोंडाने यशोदा कशी दाखवू?" म्हणाली.

त्याच सुमारास तिच्या ओळखीची मादे नावाची नर्तकी बालीहून बडोद्याला आली आणि रोज घरी येऊन तिला तिकडचा नाच शिकवू लागली. तिकडे गुरू पाठीमागे उभं राहून, शिष्येचे कोपर धरून नाच अंगात उतरवतात. कोपर खांद्यापर्यंत वर, बोटं थरथरती, आणि घंटेच्या ठोक्यासरशी मोठे डोळे झपकन एका बाजूला… सगळी गोष्ट त्या नजरेत! माझा चहा निवून जायचा.

नाच सुरू करण्याआधी मादे फुलं-तांदळाचं पान जमिनीवर ठेवायची. पायदळी फुलं? मी उचलून देवघरात ठेवली. मादे खो खो हसली.

"अहो, देवांची वर वेगळी असतात," वैशाली म्हणाली. "ही खाली राहणाऱ्या भुताखेतांसाठी. असू द्या तिथेच."

हशे, म्हटलं इथल्या गुजरातीत — असेल बुवा.

मादे परत गेली. नंतरच्या रविवारी भर दुपारी वैशालीने स्वतःच पान मांडलं, मोबाइलवर संगीत लावलं. मी समोर खुर्चीत. ठोका पडला, नजर वळली — आणि भुवया उडाल्या. दोन्ही!

"अगं, भुवई!" मी ताडकन उठलो. पाय पानाला लागला. सवयीने फुलं उचलून मी कपाळाला लावली… आणि तिची भुवई खाली आली.

वैशाली नजर तशीच बाजूला ठेवून, मागे न बघताच म्हणाली, "अहो, कोपर का सोडलेत?"

मी तिच्या समोर होतो. घरात तिसरं कुणी नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, नस कधी अशी मध्येच जागी होते. मानलं. पण कोपर? मादेला फोन केला, तर तिने एवढंच विचारलं, "फुलं जमिनीवर होती ना?" मग मी स्वतः मागे उभा राहून वैशालीचे कोपर धरून पाहिले. तिने मान हलवली. "हे ते हात नव्हेत."

उत्तर अजून सापडलेलं नाही. भुवईही पुन्हा हललेली नाही. दर रविवारी पान आता मीच मांडतो, आणि नाच संपेपर्यंत स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसतो.