शिवणीत सोडलेली चार बोटं

"तुमच्या मापात नाही येत, ताई." हे वाक्य मी लातूरच्या गंजगोलाईतल्या निदान वीस दुकानांत ऐकलं असेल. दुकानदार ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघत बघत म्हणायचे. बारावीच्या निरोप समारंभाला मला पंजाबी ड्रेस हवा होता. आई मला घेऊन दुपारभर फिरली आणि शेवटच्या दुकानात तिने हळूच सांगितलं, "हिच्यासाठी न्हाई ओ, हिच्या मावशीसाठी दावा." मी सतरा वर्षांची होते. त्या नसलेल्या मावशीसाठी घेतलेला तपकिरी ड्रेस मी समारंभाला घातला आणि वर्गाच्या फोटोत शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

फोटोत मागे उभं राहणं हे घरातही माझं ठरलेलं काम होतं. बाबांचं किराणा दुकान, नातेवाईक उदगीरपासून निलंग्यापर्यंत, त्यामुळे वर्षाला चार-पाच लग्नं ठरलेलीच. फोटोग्राफरने कॅमेरा उचलला की आई म्हणायची, "तू खुर्चीच्या मागं थांब गं. तितकं दिसत न्हाई." तिच्या मनात वाईट नव्हतं. लोकांच्या तोंडापासून ती मला वाचवत होती. पण त्या वाचवण्यापायी आमच्या अल्बममध्ये माझं नुसतं डोकं उरलंय, बाकीची मी कुठेच नाही. हे मी तिला माफ केलेलं नाही. आणि आम्ही रोज फोनवर बोलतो, तेही खरं आहे.

शिवण मी रागाने शिकले. लग्नानंतर नांदेडला आले आणि वजिराबादेत एका लहानशा गाळ्यात बुटीक टाकलं. नियम एकच ठेवला, मापावरून कुणाला परत पाठवायचं नाही. नायगावच्या एक सरपंचबाई माझ्याकडे येतात. पहिल्या दिवशी त्या दारातच उभं राहून म्हणाल्या, "आधीच सांगते, मी लई जाड हाय." मी म्हटलं, "आत तर या, मी कुठं बारीक आहे?" तेव्हापासून त्या दुसरीकडे शिवत नाहीत.

माझ्या बुटीकची निम्मी अब्रू आमच्या मास्टरांच्या कात्रीत आहे. कटिंग मास्टर, वय सत्तरीच्या आसपास, तोंडात पान, बोलणं अर्धं मराठी अर्धं दखनी. त्यांची एक पद्धत जगबुडी झाली तरी बदलणार नाही. कपडा कुणाचाही असो, ते शिवणीत आतल्या बाजूला चार बोटं कापड सोडतात. पुढच्या भागाला चार, मागच्या भागाला चार, दोन्ही बगलांखाली. "बाईचं अंग एका मापावर थांबत न्हाई ताई," ते म्हणतात. "बाळंतपन हाय, दुखनं हाय, दिवाळी हाय. कपडा तिच्यासंगं वाढाया पायजे." आमच्याकडच्या बायकाही कपडा हातात आला की आधी उलटा करून आत किती सोडलंय ते बोटं लावून बघतात. रंग, गळा, लटकन सगळं नंतर.

गेल्या हिवाळ्यात लातूरला फॅशन वीक भरला. नावाला वीक, होता तीन दिवसांचा, शहराबाहेरच्या एका मोठ्या मंगल कार्यालयात. करणारी मंडळी पुण्याची होती. मोबाइलवर माझ्या कपड्यांचे फोटो बघून त्यांनी मला सहा पोशाख पाठवायला सांगितले. मी तीन दिवस जमिनीवर नव्हते. ज्या गावात मला ड्रेस मिळाला नाही, त्या गावात माझे ड्रेस स्टेजवर चालणार होते. प्रत्येक शोच्या शेवटी डिझायनर स्वतः बाहेर येतो आणि लोकांना हात जोडतो, हेही त्यांनी कळवलं. तो हात जोडायचा प्रसंग मी गाळ्यातल्या आरशापुढे किती वेळा करून पाहिला ते सांगणार नाही.

मग स्टेजवर चालणाऱ्या मुलींची मापं आली. सहाही मुलींचं एकच. छाती बत्तीस, कंबर चोवीस, उंची पाच फूट आठ. मास्टरांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"ताई, ये माप बराबर हय ना? का पोरीच्या शाळेतून आलं?"

"बरोबर आहे मास्टर. मॉडेल आहेत."

"तो भी," ते म्हणाले, "बिना अंग बघता मी कापनार न्हाई. मापाचं ब्लाउज मागवा."

मापाचं ब्लाउज कुठून मागवणार? शेवटी कुरकुरत त्यांनी कापलं, पण स्वतःच्या मनाने. कागदावरच्या आकड्यावर त्यांचा विश्वासच नव्हता. सहाही पोशाख छत्तीसचे निघाले आणि आत पुन्हा चार-चार बोटं. मी हे लातूरला पोचेपर्यंत तपासलं नाही. चूक माझीच.

शोच्या आदल्या दिवशी दुपारी फिटिंग होतं, मास्टरही सोबत आले होते. पडद्यामागे सगळं सांभाळणाऱ्या एक मॅडम होत्या, गळ्यात ओळखपत्र, कानात सतत फोन. त्यांनी पहिला पोशाख मुलीच्या अंगावर बघितला आणि मागून मूठभर कापड पकडलं. "हे काय आहे? गोणपाट आहे का? कुणी कट केलंय?" मग शिवण उलटी केली. "आणि आत एवढं कापड! हे सगळं ट्रिम करा, जाड दिसतंय."

मला तेव्हा मास्टरांची लाज वाटली. आज त्याच गोष्टीची लाज वाटते. मी म्हटलं, "मास्टर, काढून टाका आतलं." मास्टरांनी कात्री मांडीखाली घेतली आणि तिच्यावर बसले. सत्तरीच्या माणसाला उठवणार कोण? शेवटी मॅडमनी कागदांना लावायचे काळे मोठे क्लिप मागवले आणि सहाही पोशाख मुलींच्या पाठीवर चिमटून टाकले. समोरून बघितलं तर कसं तंग, सुरेख. मागे क्लिपांची रांग. त्यांच्या सगळ्या शोमध्ये असंच करतात म्हणे. म्हणजे त्या मुलींनाही ते कपडे मापात बसत नव्हते. कुणालाच बसत नव्हते.

सहावी मुलगी परभणीकडची निघाली. खुर्चीवर बसायची सुद्धा तिला परवानगी नव्हती, इस्त्री मोडते म्हणून. "सकाळपासून काकडीवर हाय मॅडम," तिने मला हळूच सांगितलं. माझ्या पिशवीत आईने बांधून दिलेले धपाटे होते. तिने ते बघितले आणि मान फिरवली. तिच्या बारीक असण्यावर माझा राग नव्हता. तिला उपाशी ठेवून वर तिच्या पाठीला क्लिप लावणाऱ्यांवर होता.

मी मॅडमना विचारलं, "सहापैकी एक तरी पोशाख भरलेल्या अंगाच्या बाईला घालू का? माझी सगळी गिऱ्हाइकं तशीच आहेत."

त्या समजूत घातल्यासारखं हसल्या. "कपडा हँगरवर जसा पडतो ना, तसाच अंगावर पडला पाहिजे."

"मग हँगरच चालवा की," मी म्हटलं.

त्यांचं हसू गेलं. "आणि अजून एक. शेवटी डिझायनर बाहेर येतात, पण तुमच्याऐवजी आमची एक मुलगी फुलं घेऊन येईल. व्हिडिओ होतोय ना, फ्रेम चांगली दिसायला हवी. तुम्ही मागेच थांबा. पर्सनली घेऊ नका."

मागेच थांबा. तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे नुसती खुर्ची नव्हती, बाकी सगळं मला पाठ होतं. मी पोशाख घड्या घालून नांदेडला परत गेले असते तरी कुणाचं काही अडलं नसतं, त्यांनी दुसरं कुणी आणलं असतं. म्हणून मी गेले नाही. फक्त सहावा पोशाख सोबत आईच्या घरी नेला, थोडं काम राहिलंय म्हणून.

तो पोशाख मी इरकलीचा केला होता, लाल काठाचा, काळ्या अंगाचा, घोट्यापर्यंत येणारा लांब अंगरखा. सकाळी आईच्या घरी मास्टर मशीनपुढे बसले. अर्ध्या ब्लेडने त्यांनी बगलेपासून खालपर्यंत दोन्ही बाजू उसवल्या. आत दडवलेलं कापड बाहेर आलं आणि मी अंग मोजायला टेप त्यांच्या हातात दिला. माझं माप शेहेचाळीस. मास्टरांनी बोटांवर हिशेब केला, दोन्ही बगलांत खणाच्या दोन लहान तिकोनी कळ्या घातल्या, आणि पाच फूट आठची उंची माझ्या पाच फूट एकवर आणण्यासाठी खालून वीतभर दुमडलं. "बघा," ते म्हणाले, "चार बोटं काम आली की न्हाई?"

आई पूजा आटोपून कपाळाला विभूती लावून आली, मला त्या अंगरख्यात बघून दारातच थांबली.

"ह्ये घालून कुटं?"

"स्टेजवर."

"लोकं हासतील गं."

"हासू दे. तू येऊन बघ कोण कोण हासतंय ते."

जिथे आधीची शिवण होती तिथे सुईच्या भोकांची रेघ राहिली होती, बगलेपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंना. मास्टर म्हणाले, वरून लेस लावून झाकू. मी नको म्हटलं. इथपर्यंतच बाई असते असं ज्यांना वाटतं, त्यांची रेघ त्यांना दिसली पाहिजे होती.

संध्याकाळी सहाला आमची पाळी आली. मी अंगरख्यावर शाल पांघरून पडद्यामागे उभी होते. पाच मुली जाऊन आल्या. सहावी साध्या कपड्यांत घाबरून माझ्याकडे बघत होती, "मॅडम, माझा ड्रेस?"

मी शाल काढली. "हा. तुला बोलणी बसतील बघ माझ्यामुळं."

तिने मला वरून खालपर्यंत बघितलं. "रोजच बसतात," ती म्हणाली. "तुमी जावा. मी जरा बसते." आणि ती खरंच बसली, भिंतीला टेकून, फरशीवर. मी धपाट्यांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि पडदा सारला.

फॅशन शोमधलं चालणं मला येत नाही. मी भाजी आणायला जाते तशी चालत गेले. पहिल्या पाच-सहा पावलांपर्यंत गाणं तेवढं ऐकू येत होतं. मग हसू ऐकू आलं, डाव्या बाजूने, पुरुषांचं. एकाने शिट्टी मारली. मोबाइल वर झाले. विंगेतून त्या मॅडम दोन्ही हातांनी मला परत बोलावत होत्या. मी टोकापर्यंत गेले. तिथे मुली दोन सेकंद थांबतात. मी मला हवं तेवढं थांबले. हसणाऱ्यांकडे तोंड करून उभी राहिले. मग दोन्ही हात वर केले, बगलेपासूनची भोकांची रेघ सगळ्यांना दिसेल असे धरले, आणि आरशापुढे पाठ केलेला तो नमस्कार केला. टाळ्या पडल्या, पण सगळ्यांच्या नाहीत. हसणारे काही एकदम सुधारले नाहीत. त्यांच्यासाठी मी गेलेच नव्हते.

आत आल्यावर मॅडम कडाडल्या, "हे प्रोफेशनल नाही. पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावणार नाही."

"बोलावू नका," मी म्हटलं. "आणि बोलावलंत तर आधी माझ्या बायकांची मापं घ्या. मापाची ब्लाउजं मी पाठवते."

बाहेर बायका माझ्याभोवती जमल्या. कसा दिसतो, कितीचा, असलं कुणी विचारलं नाही. अनोळखी बायकांनी सरळ बगलेखालचा काठ उलटा केला आणि आतली शिवण बघितली. मग गर्दीतून आई आली. तिनेही तेच केलं, सगळ्यांसमोर, दोन बोटांनी चाचपून.

"आत काहीच ठेवलं न्हाईस की गं," ती म्हणाली. "सगळंच बाहेर काढलीस."

"हाव," मी म्हटलं. "न्हाई ठेवलं."

तिथल्या फोटोग्राफरने विचारलं, घरच्यांचा एक काढू का? मध्ये एकच खुर्ची होती. आईचा हात सवयीने माझ्या कोपराला लागला, तोंड उघडलं. ती बोलायच्या आत मी खुर्चीत बसले, पाय पसरून, ऐसपैस. "आज तू थांब मागं," मी तिला म्हटलं. तिने पदर सारखा केला आणि मागे जाऊन उभी राहिली.

आई चणीने लहान, किडकिडीत, आणि अलीकडे वाकलेली. आठवड्याने फोटो आला तेव्हा तो घेऊन मी लातूरला गेले. काळी इरकल, लाल काठ, दोन्ही बाजूंच्या रेघा, आणि खुर्ची भरून मी. आईने चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला, तिरका करून बघितला.

"मी तर कुटंच दिसंना की गं," ती म्हणाली. "नुसतं डोकं आलंय."

"हाव," मी म्हटलं. "आता कळलं?"

तिने फोटो परत दिला नाही. जुना अल्बम काढून घेऊन आली, आणि एकेका लग्नातल्या खुर्च्यांच्या मागे मला शोधत बसली.