काचेला चिकटलेला फोटो

सोलापुरात मला मदत केली ती सरकारी पुराभिलेखागारातल्या एका बाईंनी. जुनी पत्रं आणि फोटो घेऊन त्या प्रदर्शनाला आल्या होत्या. मी सातवीत शाळा सोडलेला, भंडाऱ्याहून इथं टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायला आलेला. आईचा एकुलता एक फोटो ओल लागून फ्रेमच्या काचेला चिकटला होता. तो भीतभीतच त्यांच्यापुढं ठेवला.

बाईंनी टेबलावर मऊ धोतराचा तुकडा अंथरला. बांगड्या कोपराकडं सारून रबरानं बांधल्या. मग काच कडेनं धरून उजेडात नेली.

“ओढून बघितलाय व्हय?”

“कोपराच फक्त, मॅडम.”

“आणखी ओढला असता तर चेहरा काचेवरच राहिला असता की! आई हाय न्हवं? मग सोडवताय कशाला? ऱ्हाऊ दे काचेसकट.”

त्यांनी काचेवरूनच कॅमेऱ्यानं त्याचा नीट फोटो घेतला आणि त्याची प्रत मला दिली.

“मागं नाव लिहा. आमच्याकडं चेहरे लई हायत, नावं न्हाईत.”

मी आईचं नाव लिहिलं. बाईंचं विचारायला धीर झाला नाही. धोतराचा तो तुकडा मात्र पार विरला होता. माझ्या मागावरचं सगळ्यात मऊ, बिनरंगी कापड एक दिवस मी त्यांच्या टेबलावर नेऊन अंथरणार आहे.