मायकेलची आई

परदेशातल्या ऑफिसात कुणाचे नातेवाईक नसतात, म्हणून नातेवाइकांचे किस्से फार साचतात. नव्वदच्या दशकात अबुधाबीतल्या आमच्या ऑफिसात, चहाच्या मशीनपाशी उभं राहून मी सगळ्यांच्या मावश्या, आत्या आणि जावा ऐकल्या. पण जिच्याबद्दल आम्ही सगळ्यांत जास्त बोललो, त्या बाईची कुणालाच काही माहिती नव्हती.

ती ब्रेंडनची पणजी. ब्रेंडन आमचा आयरिश क्वांटिटी सर्व्हेयर, बांधकामाच्या मालमोजणीचा हिशेब बघणारा, पन्नाशीचा, एकटा. त्याचे आजोबा मायकेल अनाथाश्रमात वाढले. आई कोण, ते त्यांना कधीच कळलं नाही. ब्रेंडनचे वडील आता थकले होते आणि दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, फोनवर त्यांचा एकच धोशा असायचा, "मी जायच्या आधी माझ्या आजीचं नाव तेवढं शोध."

*

उन्हाळ्यात आम्ही गावाला जाऊन आंबे खायचो. ब्रेंडन गावाला जाऊन चर्चची दप्तरं धुंडाळायचा. परतल्यावर आम्ही विचारायचो, "मिळाली?"

"इन्शाल्ला, नेक्स्ट इयर." पक्का कॅथलिक माणूस, पण एवढ्या वर्षांत भाषा इथलीच झालेली.

एकदा बाप्तिस्म्याच्या नोंदीची झेरॉक्स घेऊन आला. बाळाचं नाव मायकेल, आईच्या नावापुढे 'अज्ञात'. मला म्हणाला, "कुणीतरी बाळ उचलून तिथवर आणलंच असेल ना? आईचं नाव विचारायला काय झालं होतं?" मी त्याला आणखी एक चहा दिला.

*

त्यांच्याकडे मुलांची नावं ठेवायची रीत असते. पहिली मुलगी झाली की तिला आईच्या आईचं नाव, दुसरीला वडिलांच्या आईचं. म्हणजे मायकेलच्या दुसऱ्या मुलीचं नाव बघितलं की काम झालं.

"मग बघ ना," मी म्हटलं.

"एकच मुलगी. नंतर सगळे मुलगे." ब्रेंडन हसला. "आणि मुळात मायकेलला तरी नाव कुठं ठाऊक होतं?"

हे त्याच्या लक्षात यायला तीन उन्हाळे गेले होते!

*

काळेसाहेब आमचे चीफ अकाउंटंट, मूळचे पुण्याचे. त्यांना कुठलाही रकाना रिकामा बघवत नसे. ब्रेंडनची वंशावळ बघून म्हणाले, "आमच्यात गोत्र माहीत नसलं की काश्यप सांगतात. इट इज अलाउड."

ब्रेंडनने मान डोलावली आणि पणजीच्या रिकाम्या चौकटीशेजारी सुबक अक्षरात 'काश्यप' लिहून एक कॉपी वडिलांना पोस्टाने पाठवली. पुढच्या शुक्रवारी म्हाताऱ्याचा फोन आला.

"हा काश्यप कोण? प्रोटेस्टंट तर नव्हता ना?"

*

मला वाटायचं, आपल्याकडे असं होत नाही. म्हणून आईला फोन करून विचारलं, "तुझ्या पणजीचं नाव काय गं?"

"माहेरचं की सासरचं?"

"कुठलंही."

आई आठवू लागली. मग म्हणाली, "सगळे जिजी म्हणायचे बाई."

फोन ठेवला तर माझी सात वर्षांची लेक शेजारी उभी. तिला सांगितलं, जिजीचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. "मम्मा, देन हाऊ डू यू नो शी वॉज रिअल?"

त्या दिवशी स्वयंपाकात माझं लक्ष नव्हतं. जिजी दिसायला कशी असेल, हेच मनात घोळत राहिलं.

*

पुढे ब्रेंडनच्या वडिलांनी अंथरूण धरलं. त्या वर्षी सर्वपित्री अमावास्या शुक्रवारी आली. काळेसाहेबांकडे तर्पण असायचं कॅसेटवर, कारण इथे भटजी कुठून आणणार? गुरुजी टेपमधून सांगायचे, "आता आजीचे नाव घ्या." मग थोडी जागा कोरी. तेवढ्यात नाव घ्यायचं आणि तिळाचं पाणी सोडायचं. काळेसाहेब टेप कधी थांबवत नसत. मध्येच थांबवलं तर गुरुजींचा अपमान होतो, असं त्यांचं मत.

त्या दिवशी मी आणि ब्रेंडन त्यांच्या घरी होतो. त्यांचं आटोपल्यावर ब्रेंडनने विचारलं, "मी करू?"

"वडील आहेत ना? मग तुला अधिकार नाही. त्यांनी करायचं."

ब्रेंडनचा चेहरा पडला. काळेसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग फोन ओढून त्याच्यापुढे ठेवला. "लाव. पाणी त्यांच्या वतीने मी सोडतो."

फोन लागला. ब्रेंडनने वडिलांना सगळं समजावून सांगितलं आणि स्पीकरचं बटण दाबलं. काळेसाहेबांनी कॅसेट मागे घेतली आणि पळीत पाणी घेतलं. गुरुजी म्हणाले, "आता आजीचे नाव घ्या."

"नाऊ हर नेम, डॅड," ब्रेंडन म्हणाला.

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. कोरी जागा संपत आली. काळेसाहेबांनी हात पुढे करून टेप थांबवला.

मग म्हातारा बोलला. अगदी हळू, दारात उभ्या असलेल्या अनोळखी बाईशी बोलावं तसा.

"बाईसाहेब, मी तुमच्या मायकेलचा मुलगा. त्याचं सगळं छान झालं हं. काळजी करू नका."

काळेसाहेबांनी पाणी सोडलं.