दिनकरची चिटाची बाई

शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी पोहे परतत होतो. वर्ल्डकपसाठी न्युरेम्बर्गच्या खिडक्याखिडक्यांतून झेंडे लटकत होते. "भाऊजी, हे गेले," त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला, पोह्यांवर खोबरं भुरभुरलं आणि बशीभर खाल्ले. साध्या सर्दीचंही तीन अंकी नाटक करणारा मी... एक वाक्य सुचेना. महिना होत आला, अजून सुचत नाही.

दिनकर, वहिनींचा नवरा, माझा इथला मित्र, गिअरबॉक्सचा इंजिनिअर. पुण्याहून कोणीही आलं की किल्ला राहायचा बाजूला. हा त्यांना म्युझियममध्ये सतराव्या शतकातल्या एका डच बाईपुढे उभं करायचा. व्यापाऱ्याची बायको, टेबलाशी बसलेली. "भांडं चिनी, पुडीतली मिरी मलबारची, अंगातला झगा आपल्याकडच्या छापील चिटाचा. जहाजं आली नसती तर बिचाऱ्या चित्रकारानं काढलं काय असतं? हेरिंग मासे!"

एकदा तिथल्या राखणदार बाईंनी सांगितलं, चिटाला जुन्या जर्मनमध्ये त्सित्स म्हणत. दिनकर हरखला. "अरे, कापडाबरोबर शब्दही जहाजात चढला!" पुढच्या रविवारी पाहुण्यांसमोर त्यानं आपल्या मनानंच त्याचं अनेकवचन केलं आणि चित्रातल्या बाईकडे हात करून गरजला, "शोएने त्सित्सेन!" वा, काय सुंदर चिटं... पण त्सित्सेन म्हणजे गाईचे सड. अख्खं दालन हसलं. मी तर खांबाला धरून हसलो. त्याची पंधरा वर्षांची मुक्ता तेवढी हसली नाही. "पापा, पाइनलिश!" म्हणाली, म्हणजे लाज आणलीत, आणि बाहेर गेली. पुन्हा ती त्याच्याबरोबर तिथे आली नाही.

पुढे आजारपणात हॉस्पिटलात त्याचं एकच चालायचं. "घरी आलो की मुक्तीला एकदा नेणार. हसू दे हवं तर." ती खिडकीतून बाहेर बघत म्हणायची, "श्पेटर, पापा." नंतर. तो घरी आलाच नाही.

गेल्या रविवारी मुक्ताच म्हणाली, जाऊ या. वहिनी खाली बाकावर थांबल्या. चित्रापुढे मी घसा खाकरला. चिनी भांड्यापासून सगळं भाषण पाठ होतं. पण मुक्ता चित्राकडे बघतच नव्हती, जमिनीकडे बघत होती. एरवी जर्मनमध्ये उत्तर देणारी ही मुलगी मराठीत म्हणाली, "काका, बाबा कुठे उभे राहायचे?"

मी जागा दाखवली, चित्राच्या जरा डावीकडे. ती तिथे जाऊन उभी राहिली. मागे एक गट येऊन खोळंबला. त्यांची गाइड दोनदा "एन्टशुल्डिगुंग", माफ करा, म्हणाली. मुक्ता हलली नाही.