बिराजदार मॅडमचा फळा

बिराजदार मॅडम सकाळी ऑफिसात आल्या की कॉम्प्युटर सुरू करत नसत. आधी पदर खोचून फळ्यासमोर उभ्या राहायच्या. डेटाबेसला विचारायचा एखादा प्रश्न लिहायच्या आणि रेघा ओढत त्याचे तुकडे पाडायच्या. हेच काम करणारा प्रोग्रॅम शेजारच्या मशीनवर असताना ही हमाली कशाला, असं मी एकदा विचारलं. न वळता म्हणाल्या, "आदी हातानं, मग मशीन. त्यानं चुकीचं फोडलं तर तुला कळायला पायजे की."

बाई अक्कलकोटकडच्या. घरी कानडी, ऑफिसात मराठी, आणि संतापल्या की पुन्हा कानडी. त्यामुळे आम्ही नेमक्या किती शिव्या खाल्ल्या हे आम्हाला कधीच कळलं नाही, आणि दोन्ही बाजूंची सोय झाली.

सोलापूरचं आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि एक गळका कूलर. डाळिंबाच्या कोल्ड स्टोरेजसाठी सॉफ्टवेअर करायचो. मालकानं मालाबद्दल प्रश्न टाइप करावा आणि उत्तर मिळावं, एवढंच काम. प्रश्नांच्या या भाषेचे नियम छापील होते, पण ते माणसांनी वाचण्यासाठी लिहिलेले. आम्हाला ते पार्सर जनरेटरला द्यायचे होते. नियम दिले की प्रश्न समजून घेणारा प्रोग्रॅम हे साधन स्वतः तयार करतं. मात्र एखाद्या नियमाची सुरुवातच त्याच नियमानं झाली, की आमचं साधन स्वतःभोवती फिरत बसे. वजाबाकीचा नियम नेमका तसा होता.

पुण्याच्या मुख्य ऑफिसात बसणाऱ्या आमच्या साहेबांनी तो उलटा फिरवून पाठवला. साधनानं एका शब्दानं कुरकुर केली नाही. आम्ही चहा मागवला. मॅडम मात्र फळ्याकडे गेल्या आणि 'दहा वजा चार वजा तीन' असं लिहून नव्या नियमानं फोडू लागल्या. साधन उजवीकडून सुरुवात करत होतं. आधी चारातून तीन काढायचं, उरलेला एक दहातून काढायचं आणि नऊ म्हणून मोकळं व्हायचं. दहा क्रेट आले, चार बाजाराला गेले, तीन नासले, तरी गोदामात नऊ.

त्यांनी दुपारपर्यंत नियम नीट बसवला. आधी एक आकडा, मग 'वजा आकडा' हवा तितक्या वेळा, आणि जुळणी डावीकडून. साधनाला तेही चाललं. साहेबांना चाललं नाही. सांगोल्याच्या गिऱ्हाइकापुढचा डेमो तोंडावर होता, पुण्याहून आलेल्या नियमाला हात लावायचा नाही असा त्यांचा हुकूम होता. "मॅडम, दोनदा वजा करायला कोण बसणार आहे? साधन एरर देत नाही ना?"

"मशीन गप्प बसलं म्हणून मी गप्प बसू व्हय, सर?" मॅडम फोनवर म्हणाल्या. हट्ट धरला तर नोकरीला मुकाल, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं. त्यांच्या घरी आजारी नवरा आणि शिकणारी मुलगी होती. मला त्यांची काळजी वाटली, आणि अभिमानही.

सांगोल्यात मालकापुढे डेमो झकास चालला. साहेबांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं, कारण प्रश्नही त्यांनीच निवडले होते. शेवटी मॅडम उठल्या आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढून त्यांनी आलेले दहा वजा गेलेले चार वजा नासलेले तीन असा प्रश्न टाकला. पडद्यावर नऊ आलं. मालकानं पडद्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि विचारलं ते मॅडमना, "घ्यावं का हो, ताई?"

"आज न्हाय. दुरुस्त करून आणतील, मग घ्या. लई चांगलं हाय, पण आज न्हाय."

गोदामाच्या दारातच साहेबांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मॅडम आमच्या गाडीत बसल्या नाहीत. पर्स काखेत मारून सरळ एसटी स्टँडकडे चालत गेल्या.

मालक अडून बसला, तेव्हा शेवटी मॅडमचाच नियम घालावा लागला. तो आजही चालतो. साहेबांनी मग त्यांना फोन केला. परत या, पण गिऱ्हाइकापुढे असं पुन्हा नको, असं म्हणाले. मॅडमनी उलट अट घातली. "पयला प्रश्न तुमी हातानं फोडायचा. माज्या फळ्यावर, सगळ्यांसमोर. मग येते." साहेब आले नाहीत, म्हणून मॅडमही आल्या नाहीत. आता शहरातल्याच जुळे सोलापूर भागात दोन खोल्यांत स्वतःचं काम करतात, आणि पाटीच्या आधी त्यांनी तिथं फळा टांगला.

त्यांची जागा रिकामी झाल्यावर फळा पुसून टाक, असं मला सांगण्यात आलं. मी पुसला नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा पुसणार नाही असं तोंडावर सांगितलं. 'दहा वजा चार वजा तीन' अजून तिथंच आहे, खाली त्यांच्या अक्षरात तीन. पुण्याहून साहेब आले की खुर्ची फिरवून, फळ्याकडे पाठ करून बसतात.